एका कप्प्यातल्या दोन बाटल्या

माझ्या संसारात भांडीकुंडी यायच्या आधी तेजाब आलं. मला वाढवून बोलायची खोड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण हे मात्र शब्दशः खरं. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, आणि नगरहून पाथर्डीकडे जाणारी सर्व्हिस मोटार पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन धापा टाकत चालायची. तिच्यातून मी आले, टपावरून माझी ट्रंक आली, आणि पितळी भांडी नगरच्या अड्ड्यावरच राहून गेली. दुसऱ्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. मला वाटलं, आली माझी भांडी. गाडीतून उतरलं ते एक जड लाकडी कपाट, आणि पाठोपाठ पेंढ्यात गुरफटलेला, पोट सुटलेला काचेचा बुधला.

"ह्यात काय आहे?" मी विचारलं.

"तेजाब," हे म्हणाले. "जरा लांब उभी राहा."

नव्या नवरीशी नवऱ्यानं काळजीनं बोललेलं पहिलं वाक्य हे असं. मी रुसले, पण ते ह्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्यांचं सगळं ध्यान त्या बुधल्याकडे.

हे गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. हायस्कूल म्हणजे बाजारतळाला लागून असलेली एक जुनी धर्मशाळा. पावसात ती गळायची, उन्हात तापायची, आणि बाजारच्या दिवशी भूगोलाच्या तासाला शेळ्या आत येऊन बसायच्या. अशा ठिकाणी रसायनं ठेवायला ह्यांनी साफ नकार दिला. म्हणून कपाट आमच्या बिऱ्हाडी आलं. आमच्याकडे पुढची एक खोली होती, जाड दगडी भिंतींची, दाराला दणकट कडी असलेली. पाहुण्यांना बसवायला म्हणून मी ती मनात सजवून ठेवली होती. तिथे पाहुणे आले ते असे.

घर होतं आक्कांचं. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. मालक गेल्यापासून जमीन, बैल आणि लग्नाला आलेला मुलगा, सगळं त्यांच्या एका हाती. अंगणाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि मागे त्यांचा गोठा. मी पुण्याकडची, नाकावर राग असलेली. त्या माझी मनसोक्त चेष्टा करत. "मास्तरीनबाई, तुमचा राग म्हंजी दुधाचं उतू जानं. फुंकर घातली की खाली," असं म्हणायच्या. ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग यायचा. पण माझ्या वाटीतून काही नेलं तर ती वाटी त्यांनी कधी रिकामी परत केली नाही. चार हिरव्या मिरच्या, मूठभर हुरडा, अगदीच काही नसलं तर मिठाचा खडा. भरल्या घराला रिकामं भांडं परत देऊ नये, हा त्यांचा नेम.

त्या कपाटाचा आणि माझा समेट व्हायला थोडे दिवस लागले. एकदा दुपारी ह्यांनी चमचाभर साखर मागितली. साखर तेव्हा रेशनवर. मी जपून जपून वापरायची, सण असल्यासारखी. मला वाटलं चहा हवा असेल. ह्यांनी ती काचेच्या भांड्यात घातली आणि वरून तेजाबाची बारीक धार सोडली. मी ओरडणारच होते. पण साखर पिवळी झाली, मग तांबूस, मग काळीकुट्ट, आणि मग भाकरी फुगावी तशी फुगून भांड्याच्या वर आली. वाफा निघत होत्या. लांबूनसुद्धा धग जाणवत होती.

"साखरेत कोळसा असतो," हे शांतपणे म्हणाले.

माझी साखर फुकट गेली होती, आणि मला रागसुद्धा आला नाही. पुढे कित्येक दिवस चहा ढवळताना मला वाटायचं, आपण कोळसा ढवळतो आहोत. ज्या जगात मी इतकी वर्षं वावरत होते, ते वरवरचं होतं आणि आत काहीतरी भलतंच दडून बसलं होतं. मला त्याची भीती वाटली आणि त्याचं वेडही लागलं. त्या दिवसापासून कपाट पुसायचं काम मी मागून घेतलं.

त्यात मधल्या कप्प्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. एकीत पाणी, आणि पाण्यात पिवळसर कांड्या, मेणबत्तीच्या तुकड्यांसारख्या. हा फॉस्फरस. ह्यांनी एकदा दिवेलागणीला खिडकी लावून घेतली, चिमट्यानं एक कांडी क्षणभर पाण्याबाहेर धरली, आणि त्या अंधाऱ्या खोलीत ती स्वतःच्याच उजेडानं हिरवट उजळली. लसणासारखा वास सुटला. "पाण्याबाहेर राहिली तर ही आपोआप पेटते," ते म्हणाले, आणि लगेच ती परत बुडवली. "आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर काडी ओढायचीही गरज नाही." आग विझवायला पाणी, एवढंच मला ठाऊक होतं. इथे आग पाण्यात सांभाळून ठेवली होती.

दुसऱ्या बाटलीत रॉकेल होतं, आणि त्यात मळकट, करड्या पापुद्र्याचे खडे. बघण्यासारखं काहीच नाही. मग ह्यांनी एक खडा बाहेर काढला, टिपकागदावर कोरडा केला आणि सुरी चालवली. खरवस कापावा तसा तो कापला गेला, आणि आत चांदी. नुकत्या घासलेल्या ताम्हनातसुद्धा मी असं लखलख पाहिलेलं नाही. मी वाकून बघते आहे तोवर ती चमक मंदावली, वर साय धरली, गेली. माझ्या डोळ्यांदेखत.

"हे सोडियम. ह्याला पाणी लागता कामा नये," हे म्हणाले. "हवेतली ओलसुद्धा नको. म्हणून रॉकेलात ठेवायचं. आमच्या कॉलेजात एका माणसानं अशी बाटली चुकून धुवायला घेतली होती."

"मग?"

"दोन्ही डोळे गेले."

तरीही त्या दोघी शेजारी शेजारी बघायला मला फार आवडायचं. एक पाण्यावाचून पेटणारी, दुसरी पाण्यानं पेटणारी. ह्यांनाही ती जोडी आवडायची. मुलांना दाखवायला सोपं जातं, फरक एका नजरेत कळतो, म्हणून त्यांनी त्या मुद्दाम एका कप्प्यावर ठेवल्या होत्या. दोघींवर इंग्रजी चिठ्ठ्या होत्या आणि कपाटाला कुलूप होतं. त्याहून जास्त काळजी कोण घेणार?

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही दोघं पुण्याला जायला निघालो. फॉस्फरसच्या बाटलीतलं पाणी त्या उन्हात आटणार हे उघड होतं. ह्यांनी आक्कांना बोलावून बाटली दाखवली, कपाटाची किल्ली हातात दिली आणि बजावून सांगितलं, "दर आठवड्याला बघा. पाणी कांड्यांच्या वर पाहिजे. कमी झालं तर घाला. कोरडं पडलं तर पेट घेईल, आणि घर जाईल." आक्कांनी किल्ली कपाळाला लावून कमरेला खोचली.

आम्ही परत आलो तेव्हा विहिरी तळाला गेल्या होत्या. आक्का लांबच्या मळ्यातून डोक्यावरून पाणी आणत होत्या. बाटलीतलं पाणी मात्र होतं तिथे होतं. "तुमचं लेकरू पानी लई पितंय," त्या म्हणाल्या. "बैलाला पुरंना, मानसाला पुरंना, पर पयल्या घागरीतलं पयलं भांडं ह्याला. तुमी सांगून गेल्ता न्हवं!" ह्यांना फार कौतुक वाटलं. वर्गात त्यांनी आक्कांचं उदाहरण दिलं म्हणे, की सांगितलेलं काम असं करावं.

मग फाल्गुन आला आणि मॅट्रिकची परीक्षा आली. केंद्र नगरला. हे मुलांना घेऊन तिकडे गेले. कपाटाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर होती, आक्कांना ती जागा ठाऊक होती. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं.

रॉकेल तेव्हा रेशनवर होतं, आणि दुकानात बरेच दिवस आलंच नव्हतं. दिव्यांचं अडत नव्हतं, घरोघरी करडईचं तेल होतं. अडलं होतं ते आक्कांच्या बैलाचं. जोडीतल्या उजव्या बैलाचा खांदा आला होता. जू घासून झालेली जखम आधी नुसती ओली होती, मग माशा बसल्या, मग तिच्यात किडे पडले. वासरू असल्यापासून आक्कांनी हातानं चारलेला तो बैल मान खाली घालून उभा असायचा आणि वैरणीला तोंड लावत नसायचा. खळ्यावर ज्वारीची मळणी अडून राहिली होती, पण आक्कांना मळणीचं पडलं नव्हतं. "राकेलाची धार सोडली की किडं भाईर पडत्यात," त्या मला म्हणाल्या. गावात त्या दारोदार फिरून आल्या. कुणाकडे वाटीभरही मिळालं नाही. त्या रात्री जेवल्या नाहीत हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी बाजार करून आले तर पुढच्या खोलीचं दार सताड उघडं. कपाट उघडं. आक्का पाठमोऱ्या उभ्या, मधल्या कप्प्यासमोर. सोडियमच्या बाटलीचं बूच काढून बाजूला ठेवलेलं, आणि आक्कांच्या उजव्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

माझ्या चाहुलीनं त्या वळल्या आणि हसल्या. चोरी करताना सापडलेलं माणूस असं हसत नाही.

"आलात? बरं झालं. वासावरनं वळखलं, वाटीभर राकेल काढलं बगा तुमच्या बाटलीतलं. बैलाचं हाल बघवंनात. राशनला आलं की पयलं तुमचं भरीन." आणि मग, मला काही शंका येऊ नये म्हणून, "आन बाटली उनी न्हाई ठिवायची मी. मास्तरांनी बजावलं हुतं, कोरडं पडलं की पेटतंय. म्हनून पानी घालते."

असं म्हणून त्या बाटलीवर वाकल्या आणि त्यांनी तांब्या कलता केला.

मधलं अंतर मी कसं ओलांडलं ते मला आजही आठवत नाही. हातातली पिशवी कुठे पडली, कांदे कुठे गेले, काही नाही. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि सगळ्या ताकदीनिशी मागे ओढलं. तांब्या खणकन फरशीवर आपटला. पाणी माझ्या हातांवर, त्यांच्या लुगड्यावर, कपाटाच्या पायाशी. मी श्वास रोखून बाटलीकडे पाहिलं. काही झालं नाही. आत थेंबही गेला नव्हता.

आक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं मनगट अजून माझ्या हातात होतं. आईच्या वयाच्या बाईचा हात मी असा कधी धरला नव्हता.

"मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "वाटीभर राकेलासाठी हात धरलात माजा?"

पाणी, पेट, डोळे, असं काहीतरी मी पुटपुटले असेन. आणि बोलता बोलता माझी नजर परत बाटलीत गेली. रॉकेल खाली गेलं होतं, तरी मोठे खडे जेमतेम बुडालेले होते. पण त्यांच्यात एक लहान खडा होता, सुपारीएवढा. दर वेळी पुसताना मी त्याला बघायची. तो दिसेना.

"आक्का, ह्यातला बारका खडा?"

"आला की वाटीत," त्या तुटकपणे म्हणाल्या. "तुरटी हाय न्हवं ती? म्हटलं, असू द्या, जखमंला बरी. पोराला सांगितलंय, आदी जखम धू, मंग राकेल सोड, आन वरनं तो खडा चोळ."

ओल्या जखमेवर सोडियम. मी धावले. मागचं दार, परस, गोठा. आक्कांचा मुलगा कडुलिंबाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं बैलाचा खांदा धूत होता, आणि ती वाटी त्यानं ठेवली होती पाण्यानं भरलेल्या दगडी डोणीच्या काठावर. बैल वेदनेनं मान झटकत होता. एका झटक्यात त्याचं शिंग वाटीपासून वीतभर अंतरावरून गेलं.

"वाटी!" मी ओरडले. मुलगा चटकन वाटी उचलायला गेला आणि मी आणखी मोठ्यानं ओरडले, "हात लावू नका! तुमचे हात ओले आहेत!"

तो थबकला. मी पुढे झाले आणि मीही थबकले. माझे हातसुद्धा ओले होते, तांब्यातल्या पाण्यानं, मनगटापर्यंत ओघळ. वाटी डोणीच्या काठावर, खडा वाटीत रॉकेलाच्या वर अर्धा डोकावत होता, आणि आम्ही दोघं धडधाकट माणसं तिच्यापुढे ओले हात घेऊन उभे. बाजूला भुशाचा ढीग होता. मी त्यात कोपरापर्यंत हात खुपसले, घासले, लुगड्याच्या कोरड्या भागाला पुसले, परत घासले. मग वाटी उचलली. ती छातीशी धरून अंगण ओलांडताना मला देवाचं नाव आठवलं नाही. एवढंच आठवलं की ठेच लागता कामा नये.

चुलीशी चिमटा गरम करून पूर्ण कोरडा केला, खडा उचलला, बाटलीत बाकीच्यांच्या सोबतीला सोडला आणि बूच घट्ट बसवलं. वाटीतलं रॉकेल कोरड्या फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळलं आणि मुलाच्या हातात दिलं. "हे घ्या. बैलाला लावा. सगळं लावा." तो ते घेऊन गोठ्याकडे पळाला.

आक्का ओट्यावर बसल्या होत्या, ताठ, तोंड फिरवून. मी जवळ गेले. "आक्का, मी राकेलासाठी नाही हो धरला हात."

"आमी चोर न्हाई," त्या म्हणाल्या. "भुरटंपनानं न्हेलं असतं तर पानी कशापायी भरलं असतं? द्या माजी वाटी हिकडं."

वाटी त्यांचीच होती. माझ्या हातातून ती त्यांनी जवळजवळ हिसकावली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडे गेल्या. रिकामी ओशट वाटी घरात न्यायची नाही, आधी धुवायची. दगडावर वाटी ठेवून त्यांनी रागारागानं वरून भांडंभर पाणी ओतलं.

वाटीच्या काठाला खड्याच्या पापुद्र्याचा एक कण चिकटून राहिला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. माझ्या तो लक्षातच आला नव्हता. पाणी पडलं आणि तो सिस्स करून जागा झाला. त्याचा मणी झाला, मणी पाण्यावरून इकडून तिकडे पळाला, काठाला अडला, आणि पाण्यावर पिवळीजर्द ज्योत उभी राहिली. मग फटकन आवाज झाला आणि वाटी दगडावरून घरंगळत खाली गेली.

आक्का किंचाळल्या नाहीत, मागे सरल्या नाहीत. हात तसाच हवेत. म्हणाल्या, "एवढुशानं?"

"हो."

"आन बाटलीत तर..."

त्या उठून पुढच्या खोलीत गेल्या, मी मागोमाग. कपाटासमोर त्या उभ्या राहिल्या. बाटलीत ते मळकट खडे निपचित पडले होते, आणि खाली फरशीवर तांब्या आडवा. त्यांनी एकदा तांब्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे.

"मी वाकून बगत हुते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "कितीवर भरलं ते दिसावं म्हून. तोंड अगदी हितं हुतं माजं." त्यांनी बाटलीच्या तोंडावर, चार बोटं वर, तळहात धरून दाखवला. मग तोच तळहात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला.

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. चांगली भोकाड पसरून रडले. आणि उलट त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "उगी. उगी. बरं केलंत हात धरलात त्ये." माझी बोटं त्यांच्या मनगटावर उमटली होती, लाल.

परीक्षा आटोपून हे परत आले. मी दारातच सगळं सांगितलं, पायावर पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही. माझ्या हकिगती ऐकताना हे नेहमी हसायचे, निम्मं वजा करून ऐकायचे. त्या दिवशी हसले नाहीत. बाटली उघडून बघितली, बूच लावलं, आणि तसेच आक्कांच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. बैल अंगणात बांधलेला होता, खांद्यावर खपली धरलेली, तोंडात कडब्याची पेंढी. आक्कांनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

"मास्तर, पानी घाला म्हनून तुमीच सांगितलं हुतं न्हवं?"

"हो आक्का. मीच."

"मंग दुसऱ्या बाटलीला घालू नगा, ह्ये कोन सांगनार हुतं?"

मी ह्यांना फळ्यासमोर पाहिलं होतं, तपासणीच्या साहेबासमोर पाहिलं होतं, कधी अडलेले पाहिले नव्हते. पोरांच्या प्रत्येक तुकडीला त्यांनी हे सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. फक्त जिच्या हातात किल्ली दिली तिला अर्धं सांगितलं होतं. हे खाली वाकले आणि त्यांनी आक्कांच्या पायांना हात लावला. त्या काळी, त्या गावात, मास्तरानं असं करणं ही साधी गोष्ट नव्हती. आक्का संकोचून पाय मागे घ्यायला लागल्या. मी तिथून आत निघून आले, मला बघवेना.

जेवताना ह्यांचा घास हातात राहिला. "मला वाटलं होतं, कुलूप लावलं म्हणजे झालं," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी ठरवलं होतं की कपाट त्या घरात ठेवायचं नाही. दुसरी जागा मिळेपर्यंत रसायनं नगरला कुठेतरी पाठवायची, आणि विज्ञानाचे प्रयोग बंद. हे आक्कांना सांगायला आम्ही दोघं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट झालं.

"बैल मारका निगाला म्हून कोनी गावाभाईर सोडतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "त्याला येगळा बांधायचा. आन घरातल्या समद्यांना सांगायचं, लेकराबाळांना सुदिक, की ह्यो मारका हाय. झालं."

मग पुढचे काही दिवस आमच्या पुढच्या खोलीत ठाकठोक चालू होती. सोडियमची बाटली पत्र्याच्या डब्यात, भोवती कोरडी वाळू, आणि तो डबा दाराशेजारच्या उंच कोनाड्यात, पाण्याच्या माठापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. फॉस्फरस समोरच्या भिंतीशी, गारव्याच्या कोपऱ्यात. तेजाबाचा बुधला जमिनीवरच, विटांच्या कठड्यात, म्हणजे फुटला तरी वाहणार नाही. पेंढा त्याच्याभोवतीचा काढून टाकला, कारण तेजाब सांडलं तर तोच जळायला लागेल. इंग्रजी चिठ्ठ्यांच्या खाली मराठी चिठ्ठ्या आल्या, आणि वाचता न येणाऱ्यासाठी सोडियमच्या डब्याला आक्कांनी स्वतः तांबडी चिंधी बांधली. पाणी न लावायच्या वस्तूची ती खूण.

सगळं झाल्यावर आक्का म्हणाल्या, "आता मला दावा."

"काय?"

"पोरांना दावता त्ये. माजं डोळं घ्याया निगालं हुतं त्ये हाय तरी काय?"

रविवारी सकाळी ह्यांनी खिडकीखाली घोंगडी अंथरली. आक्का डोक्यावरचा पदर सारखा करून बसल्या, कीर्तनाला बसावं तशा. हात कोरडे असल्याचं त्यांनी आपणहून उलटसुलट करून दाखवलं. ह्यांनी डबा उतरवला, खडा काढला, टिपला. "थोडं लांबून बघा," असं म्हणून सुरी चालवली.

ती चमक विझेपर्यंत आक्कांनी पापणी हलवली नाही. मग म्हणाल्या, "आनखी एकदा."

लढाईच्या दिवसांत सोडियम मिळणं मुश्कील होतं. वर्गात हे तांदळाएवढा तुकडा काढायचे आणि तोही जपून. त्या दिवशी त्यांनी परत सुरी चालवली. परत चांदी उघडली, परत झाकोळली. "आनखी," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी कापलं. खिडकीतून ऊन येत होतं. ह्यांची नजर सुरीवर होती आणि आक्कांची त्या चांदीवर. मी मात्र सोडियमकडे पाहिलंच नाही. मी आक्कांच्या डोळ्यांकडे बघत होते.